राबाचा धूर आणि शनीचा चंद्र

दोन हजार पाच सालची संक्रांत होऊन एक दिवस झाला होता. आमच्या भोरच्या घरात मी शेजारणींकडून आलेल्या तिळगुळाच्या वाट्या घासत होते. वाटी रिकामी परत द्यायची नसते, तेव्हा कुणाच्या वाटीत काय घालायचं याचा विचार चालला होता, आणि अशा विचारात असताना फोन वाजला की माझं डोकं फिरतं. ओल्या हाताने रिसीव्हर उचलला. पलीकडून गुरुजी म्हणाले, "बाई, टीव्ही लावा. पोचलं."

गुरुजी विंझरकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचे. मी वेल्हे तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते तेव्हा पोलिओच्या फेऱ्यांना आमची जोडी लागायची. माझी बदली भोरला झाली तरी वर्षातून दोन-तीनदा त्यांचा फोन यायचा, आणि तो बहुतेक वेळा आकाशातल्या कशाबद्दल तरी असायचा. काय पोचलं हे त्यांना विचारावं लागलं नाही. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोलत बसलो होतो, आणि ती सकाळ मी विसरणं शक्य नव्हतं.

टीव्हीवर शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचा, टायटनचा फोटो दाखवत होते. आदल्या दिवशी, ऐन संक्रांतीला, एक यान छत्री उघडून त्याच्या धुक्यातून खाली उतरलं होतं. नारिंगी, अंधुक, सपाट जमीन. तिच्यावर गोटे पडलेले, नदीकाठी असतात तसे गोल. ते गोटे दगडाचे नाहीत, बर्फाचे आहेत, असं निवेदक सांगत होता. क्षितिजाची रेघ होती की नव्हती तेही कळत नव्हतं. मी हात पुसायचे विसरून उभी राहिले. असा उजेड मी पाहिला होता. त्या उजेडात मी उभी होते, हातात एक छोटी बाटली धरून, आणि मला रंग ओळखता येत नव्हता.

आता ती सकाळ.

मावळपट्ट्यात होळीच्या आधीपासून राब भाजायला सुरुवात होते. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून द्यायचं. त्यातून ज्वाळा अशा फारशा निघतच नाहीत, नुसतं धुमसत राहतं. एकाच वेळी दहा गावचे राब धुमसायला लागले की खोऱ्यात धूर साठतो. सकाळी वारा नसतो तेव्हा तो वर जात नाही, डोंगराच्या अर्ध्या उंचीवर आडवा पसरतो आणि तिथेच थांबतो. खालून पाहिलं तर सूर्य हळदीच्या गोळ्यासारखा दिसतो, डोळे न मिटता बघता येतो. झाडं, गुरं, माणसं, सगळी एका रंगाची होतात. ओळखीची वाटही नवी वाटायला लागते. चालताना पाय वाजत नाहीत असं वाटतं.

मला तो धूर आवडायचा. खोकला यायचा, डोळे चुरचुरायचे, तरी आवडायचा. भोरमध्ये आमच्या अब्बांचं कल्हईचं दुकान होतं, त्यामुळे धुरातच वाढले म्हणा ना. अब्बा भांडं हातात घेताना आधी उलट्या हाताने त्याचं बूड चाचपायचे, मग आत बघायचे. "वरून भांडं फसवतं, बूड फसवत न्हाई," असं म्हणायचे. मी लहानपणी त्यांची नक्कल करून आईला हसवायची.

त्या सकाळी आम्हाला एकच घर उरलं होतं. रविवारी बूथ झाला, सोमवारपासून घरोघर, आणि तीन दिवसांत आमच्या हद्दीतल्या प्रत्येक पोराला डोस देऊन झाला होता, एक सोडून. वर डोंगराच्या एका टप्प्यावर धनगरांची चार घरं होती. तिथली आठ महिन्यांची एक मुलगी राहिली होती. तिच्या आईने निरोप पाठवला होता, बाईंना म्हणावं वर या, मला खाली उतरवत नाही. ती का उतरू शकत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. तिला स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला होता. डावा पाय वाळका, गुडघ्यावर हात दाबून चालायची. आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला आधार देत उतरवून कोकणात, माहेरी नेणार होता. त्याचंच लग्न होतं. तिथून ती पावसाच्या तोंडाशीच परतणार होती, आणि तिथे कोण डोस देईल, देईल की नाही, याचा भरवसा नव्हता.

निळी पेटी माझ्या खांद्याला होती. आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या, आणि मध्ये पिशवीत गुंडाळलेली लसीची एकच कुपी. त्या कुपीवर एक खूण असते, ती सांगायलाच हवी. जांभळट गोल, आणि त्याच्या पोटात एक चौकोन. कुपी नवी असते तेव्हा चौकोन पांढरा असतो. तिला जितकी उष्णता लागेल तितका तो सावळत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. दोन्ही एकाच रंगाचे झाले की लस गेली, फेकून द्यायची. मागचे दोन दिवस वीज नव्हती, त्यामुळे आमच्या कुपीतला चौकोन निम्मा सावळलाच होता. पण फिका होता. मी निघताना उपकेंद्राच्या दारात नीट पाहिला होता.

धुरातून चढत आम्ही आठच्या सुमारास वर पोचलो. घरात फक्त म्हातारी सासू होती आणि झोळीत ती मुलगी झोपलेली.

"सून पाण्यावर गेलीया," म्हातारी म्हणाली. "ती आल्याबिगर मी पोरीच्या तोंडात काय घालू द्यायची न्हाई. बसा."

बसलो. मी पेटी ओसरीवर ठेवली. पेटीला बाहेरून दव सुटलं होतं. म्हातारीने ती हाताने चाचपली, आणि आतून घोंगडी आणली, काळी, जाड, मेंढीचा वास असलेली, आणि पेटीभोवती चांगली दोनदा गुंडाळली.

"हे काय करताय आजी?" मी म्हटलं.

"गारठलीया लई."

"अहो, ती गारच राहायला पाहिजे. घोंगडीनं तापेल ना." मी घोंगडी सोडायला लागले.

गुरुजी जोडे काढत होते. ते म्हणाले, "राहू द्या बाई. घोंगडी काही चूल नाही. ती ऊब देत नाही, आत जे आहे ते राखते. थंड असेल तर थंड राखेल."

आता हे बरोबर होतं. मला शाळेत कधीतरी हे शिकवलंही असेल. पण सकाळपासून चढून चढून मला दम लागला होता, उपाशी होते, आणि गुरुजींचा तो समजावण्याचा सूर मला नेहमीच बोचायचा. शिवाय घोंगडी पांघरून कुणी गार पडल्याचं मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं शास्त्र शाळेत ठेवा. लस बिघडली तर सही माझी आहे." घोंगडी घडी करून म्हातारीच्या हातात दिली. म्हातारी फुरंगटून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

ओसरीवर मुंग्यांची रांग होती, कोंबड्या पेटीवर उडी मारत होत्या. अंगणाच्या पलीकडे राबाचा एक तुकडा होता, आदल्या दिवशी भाजलेला. काळा, मऊ, सपाट, मुंगी नाही की कोंबडी नाही. वर धुराची सावली. माझ्या गालांना गारवा लागत होता. सूर्य असा मवाळ, पितळी, की त्याची भीती वाटावी असं काही नव्हतं. मी पेटी नेऊन त्या काळ्या जमिनीच्या मधोमध ठेवली आणि समाधानाने परत येऊन बसले.

मग आम्ही वाट पाहत बसलो, अडीच तास तरी. त्या अडीच तासांची मला अजून स्वप्नं पडतात, आणि वाईट वाटतं ते असं की ती स्वप्नं सुंदर असतात. खालचं खोरं दिसत नव्हतं. तोरण्याच्या अंगाला कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली लोखंडी घंटा वाजत होती, जवळ की लांब ते कळत नव्हतं. झोळी हलली की दोरी कुरकुरायची. गुरुजी बोलत होते.

ते म्हणाले, हा धूर पाहिला की मला टायटन आठवतो. तिथेही असंच आहे, फक्त कायमचं. त्याच्या हवेतला एक वायू उन्हाने फुटतो आणि त्याची काजळीसारखी बारीक नारिंगी भुकटी होते. ती वर तरंगत राहते, थरावर थर. आजवर कुणालाच त्याखालची जमीन दिसलेली नाही. आता एक यान निघालंय, निघून दोन वर्षं झाली, आणखी पाच लागतील.

"एवढं लांब जाऊन धूरच बघायचा," मी म्हटलं, "तर इथं ये म्हणावं, एसटीनं."

ते हसले नाहीत. आकाशाच्या बाबतीत ते हसत नसत. "त्या धुराचं काम समजून घ्या बाई. तो वरचं ऊन अडवतो, पण खालची ऊब बाहेर निघाली तर तिला जाऊ देतो. त्यामुळे जमीन थंड पडते. आणि त्याच्या खालची हवा बरोबर उलटी. ऊन आलं तर येऊ देते, पण ऊब जाऊ देत नाही. एक घरात येऊ देत नाही, दुसरी घरातून जाऊ देत नाही."

"म्हणजे सासू आणि सून."

"हं. आणि दोघींच्या ओढाताणीतून तिथलं हवामान ठरतं. तिथे इतकी थंडी आहे की पाण्याचा बर्फ म्हणजे खडक. पण ते धुकं नसतं तर जमीन थोडी तरी उबदार असती, आणि ती हवा नसती तर याहून गारठली असती."

मी विचारलं, "आणि जमीन? जमिनीचं काहीच नाही का त्यात?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चिडते तशी ऐकतेही.

"जमिनीचं पुष्कळ आहे," ते म्हणाले. "गोरा बर्फ आलेलं ऊन परत पाठवतो. काळी जमीन ते पिऊन टाकते आणि आत धरून ठेवते. शनीचाच आणखी एक चंद्र आहे, त्याची एक बाजू कोळशासारखी आणि दुसरी पांढरीफेक. काहींचा तर्क असा, की काळी बाजू जरा जास्त तापते, तिथला बर्फ उडून जातो आणि गोऱ्या बाजूवर जाऊन बसतो. म्हणून काळी आणखी काळी होते, गोरी आणखी गोरी. टायटनवर वरची भुकटी खाली बसून बसून जमीन कशी झाली असेल, काळी की कशी, ते यान उतरलं की कळेल. मला वाटतं समुद्र असेल."

"मला वाटतं राब असेल," मी म्हटलं. समोर तो दिसत होता म्हणून म्हटलं. काळा, शांत, आणि मधोमध माझी निळी पेटी.

मग मी खांबाला टेकले. मला डुलकी लागली असावी.

जाग आली ती पावलांनी. एक पाऊल नीट, एक ओढत. डोक्यावर हंडा, एक हात गुडघ्यावर, अशी ती धुरातून वर येत होती. आधी हंडा दिसला, मग ती. हंडा उतरवून तिने पदराने तोंड पुसलं आणि आम्हाला म्हणाली, "लई येळ बसवलं तुमास्नी. झऱ्याला पानी न्हाई, वाटीवाटीनं भरावं लागतंया." मग आत जाऊन मुलीला घेऊन आली. मुलगी गुटगुटीत, झोपेने गाल लाल झालेले. आईने तिचे दोन्ही पाय माझ्यासमोर धरले आणि हाताने हलवून दाखवले, बाजारात वासराचे दाखवतात तसे.

"बघा, दोनी चांगलं हायती," ती म्हणाली. "माजी पोर धावली पायजे बाई. मला दुसरं काय नगं."

मी पेटी आणायला गेले. हँडल धरून उचलली, आणि सवयीने नव्हे, वजन सावरायला म्हणून, दुसरा हात खाली घातला. चटका बसला.

राब वरून विझला होता. आतून विझला नव्हता. मातीच्या त्या पातळ थराखाली रात्रभर निखारे होते, आणि मी त्यांच्यावर बर्फाची पेटी ठेवून वर गार हवा आहे म्हणून निर्धास्त झोपले होते. कल्हईवाल्याची मुलगी मी. झाकण उघडलं तर चारही बाटल्यांत कोमट पाणी.

बर्फ वितळला म्हणून लस गेलीच असं नसतं. खूण काय म्हणते ते बघायचं. मी कुपी पिशवीतून काढली, डोळ्यांजवळ धरली. गोल जांभळट दिसायला हवा होता, तो तपकिरी दिसत होता. चौकोनही तपकिरी. माझी बोटं, पांढरी साडी, गुरुजींचा सदरा, सगळंच त्या नारिंगी उजेडात एकाच भांड्यातून काढल्यासारखं. चौकोन फिका वाटायचा आणि पुन्हा बघितलं की वाटायचा नाही. घरात नेली तर आत चुलीचा अंधार. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिली, म्हणाले, "मला फिका वाटतो." मग म्हणाले, "नाही, सांगता येत नाही."

मला काय वाटलं ते लपवत नाही. देऊन टाकावी असं वाटलं. दोन थेंब, गोड, कुणाला काय कळणार? यादीत खूण पडेल, फेरी संपेल, पोरीची आई आनंदाने माहेरी जाईल. गुरुजी तर बोलायचे नाहीत. एवढा विचार माझ्या मनात आला आणि तो बराच वेळ राहिला, पटकन गेला नाही.

माझ्याकडेच बघत होती ती. बूथवर लावायचा त्या खुणेचा कागद मी एकदा या वस्तीवर वाचून दाखवला होता, तेव्हा ही तिथे असावी. तिला अक्षर येत नव्हतं, पण म्हणाली, "आतलं पांढरं हाय का? मला दावा."

"इथं दिसत नाही," मी म्हटलं. "धुरानं रंग कळत नाहीये."

तिने वर पाहिलं. "वर पठारावर धूर न्हाई. चला."

"तुम्ही नका येऊ, आम्ही बघून येतो."

"मला बगायचंय," ती म्हणाली, आणि मुलीला पाठीशी बांधायला लागली.

अर्ध्या तासाची चढण होती, तिला पाऊण तास लागला. हात धरायला गेले तर तिने हात झटकला. तिचा पाय दगडावर घासत जायचा तो आवाज माझ्या मागे येत होता, आणि मी एकदाही मागे पाहिलं नाही, कारण माझ्यात ती हिंमत नव्हती. मग एका वळणावर धूर पातळ झाला, गवताच्या काड्या सोनेरी व्हायच्या ऐवजी गवताच्या रंगाच्या झाल्या, आणि दहा पावलांत आम्ही त्याच्या वर आलो. वर लख्ख ऊन. आभाळ इतकं निळं की डोळ्यांत पाणी आलं. खाली सगळं खोरं दुधाच्या कढईसारखं काठोकाठ भरलेलं, त्यातून फक्त डोंगरांची टोकं वर आलेली, आणि आपण कुठल्या तरी दुसऱ्याच जगाच्या काठावर उभे आहोत असं वाटलं. एरवी मी तिथे तासभर बसले असते.

मी मूठ उघडली. ती माझ्याजवळ आली, वाकली. माझ्या आधी तीच बोलली.

"गेली की ओ बाई."

गोल जांभळा, चौकोन जांभळा. एकसारखे.

"माझ्या हातनं झालं," मी म्हटलं. "तुमच्या सासूबाईंनी घोंगडी घातली होती. मी काढली, आणि पेटी राबावर नेऊन ठेवली. बघितलं नाही मी खाली." गुरुजी मध्ये काहीतरी बोलायला लागले, मी त्यांना गप्प केलं. त्यांच्यावर नाही, माझ्यावर राग होता.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मुलीला पाठीवरून सोडलं, गवतावर बसली आणि वाळका पाय हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाली, "म्या हितंच बसते. तुमी दुसरी आना."

गुरुजी जातो म्हणाले. मी म्हटलं नाही, माझं मी जाईन. रिकामी पेटी घेऊन उतरले. पहिल्या टप्प्यावर ते घर आलं. म्हातारी अंगणात उभी होती, माझ्या हातातली रिकामी पेटी बघूनच तिला सगळं कळलं असावं.  घडी केलेली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि आत गेली.

खाली रस्त्याला एक दुधाचा टेम्पो मिळाला. उपकेंद्रात वीज आली होती, आणि तालुक्याहून नवा साठा बर्फासकट आला होता. फ्रीजमधली नवी कुपी, घट्ट बर्फ, आणि बाहेरून घोंगडी, दोनदा गुंडाळून, म्हातारीने गुंडाळली होती तशी. परत चढताना दर शंभर पावलांवर मी पेटीचं बूड उलट्या हाताने चाचपत होते. वाटेत धुरात पुन्हा शिरले, पुन्हा बाहेर आले. पठारावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि खाली संध्याकाळचे राब कुणीतरी पेटवत होतं. ती तिथेच होती. गुरुजींनी सदऱ्याची सावली धरली होती मुलीच्या डोक्यावर, बनियनवर बसले होते बिचारे. पोरगी गवत ओढत होती.

कुपी मी तिच्याच हातात दिली. तिने उन्हाकडे धरली, बराच वेळ पाहिली.

"पांढरं हाय," ती म्हणाली.

दोन थेंब. मुलीने तोंड वेडंवाकडं केलं आणि मग जीभ चाटली. मी तिच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली. आईने ती करंगळी तोंडाशी नेऊन फुंकर घालून वाळवली. त्यानंतर आम्ही चौघं तिथे थोडा वेळ बसलो. खालचा धूर तांबूस होत गेला, मग जांभळट, त्या गोलासारखा.  

पुढच्याच पावसाळ्यात माझी बदली झाली. ती माहेरून परतली का, पुढचे डोस कुणी दिले, मला काही कळलं नाही. विचारायची भीती वाटायची, खरं सांगते. एखादी वाईट बातमी असेल तर ती माझ्या त्या अडीच तासांची असेल असं वाटायचं, जरी दिलेली लस चांगली होती हे मला माहीत होतं. लहान मूल लंगडताना कुठेही दिसलं की माझी नजर आधी त्याच्या आईचा चेहरा शोधायची.

म्हणून त्या किंक्रांतीला टीव्हीवर ती नारिंगी जमीन पाहिली तेव्हा मला आनंद कमी आणि दुसरंच काही झालं. नंतर वर्तमानपत्रात वाचलं, की यानाच्या पोटाशी एक दिवा होता. धुक्याने गाळलेल्या उजेडात जमिनीचा खरा रंग कळत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा दिवा बरोबर नेला होता, शेवटच्या थोड्या उंचीवर लावायला. ते वाचून मी हसले आणि मग मला रडू आलं. आमच्याकडे दिवा नव्हता. आमच्याकडे ती होती, जिला चढायचं कसं ते ठाऊक होतं.

गुरुजींनी विंझरला बोलावलं. शाळेत त्यांनी तो फोटो वर्तमानपत्रातून कापून फळ्याशेजारी लावला होता. समुद्र नव्हता म्हणून जरा पडलेले दिसले. मी म्हटलं, राबही नाही, बरोबरी झाली. ते म्हणाले, बाई, थोडा वेळ असेल तर वेल्ह्याला चला, आज बाजार आहे.

का चला ते त्यांनी सांगितलं नाही. बाजारात मी लसूण घेत होते. एसटी वळत होती, धुळीचा पडदा उठला होता, आणि त्यातून एक पाच-सहा वर्षांची मुलगी परकर धरून सुसाट माझ्या दिशेने येत होती. पायात चप्पल नाही. मागे एसटीचा हॉर्न.

"अगं ए, धावू नको, पडशील," मी ओरडले. तशी मी कुणावरही ओरडते.

धुळीच्या मागून आवाज आला. एक पाऊल नीट, एक ओढत, गुडघ्यावर हात.

"धावू द्या की ओ बाई," ती म्हणाली.